आई-वडील पोचेपर्यंत: सरोगसीचं नवजात बाळ सांभाळायला घेताना

मिरजेला दवाखान्यांचं गाव म्हणतात. १८९४ मध्ये डॉ. विल्यम वानलेस यांनी इथं रुग्णालय सुरू केलं, आणि तेव्हापासून कर्नाटकातून, कोकणातून, सोलापूरकडून माणसं उपचाराला इथं येत आली आहेत. त्यामुळे सांगली-मिरजेत नर्सिंग हा घराघरात ओळखीचा पेशा आहे. एएनएम, जीएनएम हे नर्सिंगचे अभ्यासक्रम झालेल्या मुलींना किंवा प्रसूती वॉर्डात बरीच वर्षं मावशी म्हणून राबलेल्या बायकांना आता घरी जाऊन नवजात बाळ सांभाळण्याची कामं मिळू लागली आहेत. त्यातलंच एक काम जरा वेगळं असतं. बाळ सरोगसीतून, म्हणजे त्या जोडप्यासाठी दुसऱ्या बाईनं (सरोगेट आईनं) पोटात वाढवून, जन्मलेलं असतं आणि आई-वडील नोकरीसाठी दुबईत, लंडनला नाहीतर न्यू जर्सीत असतात. बाळ तारखेच्या आधीच आलं आणि यांचं विमान पुढच्या आठवड्यातलं, असंही होतं. कधी दोघं येतात, एकाची सुट्टी संपते आणि बाळाचा पासपोर्ट-व्हिसा होईपर्यंत दुसऱ्याला एकट्यानं थांबावं लागतं. अशा घरात आजी-आजोबांच्या जोडीला एक जाणतं माणूस हवं असतं. ते माणूस तुम्ही होणार असाल, तर हे तुमच्यासाठी.

एक गोष्ट आधीच मनाशी पक्की करा. हे बाळ पहिल्या तासापासून त्याच्या आई-वडिलांचं आहे. त्यांना ते शेवटच्या दिवशी सोपवायचं नसतं, रोज थोडं थोडं सोपवायचं असतं. या कामातली बाकीची शिस्त यातूनच येते.

कागद पाहिल्याशिवाय बाळ हातात घेऊ नका

सरोगसी (नियमन) अधिनियम, २०२१ हा कायदा २५ जानेवारी २०२२ पासून लागू आहे. त्यानुसार पैसे घेऊन केलेली सरोगसी हा गुन्हा आहे. सरोगेट आईला दवाखान्याचा खर्च, विमा आणि नियमात बसणारा खर्च एवढंच देता येतं. व्यापारी सरोगसी चालवणाऱ्याला दहा वर्षांपर्यंत कैद आणि दहा लाखांपर्यंत दंड होऊ शकतो. परदेशी जोडप्यांसाठी हा मार्ग २०१५ पासूनच बंद आहे. म्हणजे तुमच्याकडे येणारं बाळ बहुधा परदेशात राहणाऱ्या भारतीय नागरिकांचं असेल. मूळ भारतीय वंशाचं जोडपं असेल तर त्यांना सरोगसी मंडळाचं शिफारस प्रमाणपत्र घ्यावं लागतं.

आपण वकील नाही, पण तीन गोष्टी विचारायचा आपल्याला हक्क आहे. पहिली, प्रथमवर्ग न्यायदंडाधिकाऱ्यांचा पालकत्व आणि ताब्याचा आदेश. हा गर्भ राहण्यापूर्वीच घेतलेला असतो आणि जन्मानंतर जन्माचं शपथपत्र म्हणून तोच चालतो. दुसरी, दवाखान्याचं डिस्चार्ज कार्ड. तिसरी, आई-वडील इथं नसतील तर इथं निर्णय कोण घेणार, याचं त्यांच्या सहीचं अधिकारपत्र. आजोबांना अधिकार दिलेला असेल तर आजोबांचं नाव, त्यांचा फोन आणि रात्री-अपरात्री दवाखान्यात सही कोण करणार हे त्यात स्पष्ट हवं. हे कागद दाखवायला कुणी टाळाटाळ करत असेल, किंवा मधला माणूस म्हणत असेल की "ताई, तुम्ही फक्त बाळ घेऊन चला, बाकीचं मी बघतो," तर ते काम घेऊ नका. दुप्पट पैसे दिले तरी घेऊ नका. तुमचा पगार हा बाळ सांभाळण्याचा पगार आहे, तो सरळ आई-वडिलांकडून आणि शक्यतो बँकेतून आला पाहिजे.

कामाचा करारही लेखी करा. बारा तास की चोवीस, रात्रीची झोप कधी, सुट्टीच्या दिवशी बदली कोण, स्वयंपाक-धुणं तुमच्याकडे नाही, हे सगळं लिहा. चोवीस तास एकटीनं करते असं कधीही कबूल करू नका. न झोपलेल्या माणसाच्या हातून दुधाचं माप चुकतं. जुळी असतील तर दोघी जणी लागतात, याला पर्याय नाही. सध्याच्या नियमांनुसार सहसा गर्भाशयात एकच भ्रूण सोडतात, तरी विशेष परिस्थितीत तीनपर्यंत सोडता येतात, त्यामुळे जुळं येणारच नाही असं समजू नका.

स्वतःची तपासणीही करून घ्या. दोन आठवड्यांहून जास्त खोकला असेल तर आधी क्षयाची तपासणी, मग काम. नखं कापलेली, बांगड्या-अंगठ्या काढलेल्या, आणि बाळाला हात लावण्यापूर्वी प्रत्येक वेळी साबणानं चाळीस सेकंद तरी हात धुतलेले. आजोबा असोत की भेटायला आलेले मामा, हा नियम सगळ्यांना सारखा.

बाळ येण्याआधी घर

सांगलीत घर कुठं आहे हे आधी विचारा. नदीकाठच्या गल्लीतलं असेल आणि पावसाळा असेल, तर आयर्विन पुलाच्या पाण्याची पातळी रोज बघायची सवय लावा. ४० फूट इशारा, ४५ फूट धोका. २०१९ च्या ऑगस्टमध्ये पाणी ५७ फुटांवर गेलं होतं, हे सांगलीकरांना सांगायला नको. नवजात बाळ असलेल्या घरानं ४० फुटांची वाट बघू नये. पाणी चढायला लागलं की विश्रामबागेकडे किंवा मिरजेला नातेवाइकांकडे आधीच हलावं. बंद डबा दुधाची पावडर, उकळलेल्या पाण्याचा थर्मास, डिस्चार्ज कार्ड, लसीचं कार्ड आणि पासपोर्टचे कागद प्लास्टिकच्या पिशवीत एकत्र ठेवा. वीज गेली तरी पाणी उकळता येईल अशी सोय, म्हणजे गॅसची भरलेली टाकी, हवीच.

खोलीचं तापमान २५ ते २८ अंशांच्या आसपास ठेवा. एप्रिल-मे मध्ये सांगलीत पारा चाळिशीला टेकतो, तेव्हा बाळाला दुपट्यांत गुंडाळून ठेवणं चूक. पंखा चालतो, कूलर-एसीही चालतो, फक्त झोत अंगावर नको. थंडीत टोपी, मोजे आणि एक जास्तीचा थर. बाळाच्या काखेतलं तापमान ३६.५ अंश सेल्सिअसपासून ३७.५ च्या आत असावं. हातपाय गार आणि पोट ऊबदार लागलं तर बाळाला थंडी वाजतेय असं समजा, पण शेवटी विश्वास थर्मामीटरवर ठेवा.

दूध: सगळ्यात जास्त लक्ष इथं

सरोगसीच्या बाळाला बहुतेक वेळा अंगावरचं दूध मिळत नाही. सरोगेट आईचं चीक दूध द्यायचं की नाही हा तिचा, आई-वडिलांचा आणि डॉक्टरांचा निर्णय आहे. त्यात आपण तोंड घालायचं नाही. बाळ कमी वजनाचं किंवा दिवसांआधी जन्मलेलं असेल, तर दूधपेढीतून तपासलेलं दूध मिळेल का हे डॉक्टरांना जरूर विचारा. आशियातली पहिली दूधपेढी १९८९ मध्ये मुंबईत शीवच्या रुग्णालयात सुरू झाली, आणि आता बऱ्याच मोठ्या रुग्णालयांत ती सोय आहे. शेजारच्या बाळंतिणीचं दूध आणून पाजणं मात्र नको. तिची माया खरी असते, पण न तपासलेल्या दुधातून संसर्ग जाऊ शकतो.

बहुतेक घरी पावडरचं दूध असतं. कोणतं द्यायचं ते बालरोगतज्ज्ञ ठरवतील. पावडर निर्जंतुक नसते हे लक्षात ठेवा. तिच्यात क्रोनोबॅक्टर नावाचा जंतू असू शकतो आणि नवजात बाळात तो मेंदूपर्यंत पोचतो. म्हणून जागतिक आरोग्य संघटना सांगते की पाणी ७० अंशांपेक्षा कमी गरम नको. पाणी खळखळ उकळा, अर्ध्या तासाच्या आत वापरा. आधी पाणी मोजून ओता, मग डब्यातल्याच चमच्यानं सपाट करून पावडर घाला. आपल्याकडच्या बऱ्याच डब्यांवर ३० मिली पाण्याला एक चमचा असं माप असतं, तरी प्रत्येक नवा डबा उघडताना त्यावरचं माप वाचा. मग भांडं गार पाण्यात धरून दूध कोमट करा आणि मनगटाच्या आतल्या बाजूला थेंब टाकून बघा. केलेलं दूध दोन तासांत संपवायचं. उरलेलं टाकून द्या, पुढच्या वेळेसाठी ठेवू नका.

दूध पातळ केलं तर बाळाचं वजन वाढत नाही आणि रक्तातलं मीठ घटून झटके येऊ शकतात. दाट केलं तर मूत्रपिंडावर ताण येतो. "बाळ अशक्त आहे, अर्धा चमचा जास्त घाला" असं कुणीही म्हणालं तरी माप बदलायचं नाही.

किती पाजायचं? पूर्ण दिवसांच्या, निरोगी बाळाला पहिल्या दिवशी वजनाच्या प्रत्येक किलोमागे साधारण ६० मिली, मग रोज थोडं वाढवत आठवड्याच्या शेवटी १५० मिलीपर्यंत. २.८ किलोचं बाळ धरा. पहिल्या दिवशी १६८ मिली, म्हणजे आठ वेळा पाजलं तर एका वेळी जेमतेम २१ मिली. आठवड्यानंतर ४२० मिली, म्हणजे एका वेळी बावन्न-त्रेपन्न. पहिल्या दिवशी २१ मिली बघून आजीचा जीव कळवळतो, पण त्या दिवशी बाळाचं पोटच तेवढं असतं. हे आकडे अंदाजासाठी आहेत. अडीच किलोखालच्या बाळाचं माप डॉक्टरांकडून लिहूनच घ्या.

बाटलीपेक्षा बोंडलं किंवा वाटी-चमचा बरा, कारण धुवायला सोपा. आई परदेशातून येऊन औषधोपचारानं स्वतःचं दूध आणायचा प्रयत्न करणार असेल, तर बाळाला बाटलीच्या बुचाची सवय नसल्याची तिला मदतच होते. बाटली वापरलीच तर ती, बूच, झाकण सगळं पाण्यात पूर्ण बुडवून दहा मिनिटं उकळा. बाळाचं डोकं उंच ठेवून पाजा. आडवं झोपवून बाटली टेकवून कधीही जाऊ नका. पाजून झालं की खांद्यावर घेऊन ढेकर.

पलूस-भिलवडीकडच्या घरांत दावणीला म्हशी असतात आणि "आमची मुलं याच दुधावर वाढली" हे ऐकावं लागतं. एक वर्षापर्यंत गाई-म्हशीचं दूध नाही. सहा महिन्यांपर्यंत वरचं पाणी नाही, अगदी मे महिन्यातसुद्धा. मध नाही, त्यातून बोटुलिझम होतो. बाळगुटी नाही, साखरपाणी नाही.

दूध पुरतंय का हे बाळच सांगतं. पाचव्या-सहाव्या दिवसापासून दिवसाला सहा किंवा जास्त ओल्या लंगोट्या, लघवी फिकट. पहिल्या आठवड्यात जन्मवजनाच्या सात ते दहा टक्के वजन घटणं सर्वसाधारण आहे. दहा ते चौदा दिवसांत ते भरून यावं आणि मग रोज २० ते ३० ग्रॅमनं वाढावं. वजन दोन-तीन दिवसांनी, त्याच काट्यावर, उघड्या अंगानं करा.

आजी, तेल आणि धुरी

या घरांमध्ये आजीच सगळ्यात जवळची माणूस असते. तिच्या मुलानं-सुनेनं किंवा लेकी-जावयानं किती वर्षं वाट बघितली हे तिनं पाहिलेलं असतं. तिला विरोधक समजू नका. चालणारं तिला आनंदानं करू द्या आणि न चालणारं कारण सांगून थांबवा.

नाळेला काहीही लावायचं नाही. सांगलीची हळद जगभर जाते, पण नाळेवर ती नको. तूप, राख, पावडर, काही नको. नाळ कोरडी, उघडी, लंगोटीच्या वर ठेवा. पाच ते पंधरा दिवसांत ती आपोआप पडते. तिच्याभोवती लाली, पू किंवा घाण वास आला तर त्याच दिवशी डॉक्टर. पहिली अंघोळ चोवीस तासांनंतर, आणि अडीच किलोखालच्या बाळाला डॉक्टर सांगेपर्यंत फक्त ओल्या फडक्यानं पुसणं. काजळ डोळ्यांत नाही. आजीचा तिटीचा आग्रह असेल तर तळपायाला लावू द्या. कानात-नाकात तेल नाही. टाळू भरायची असेल तर हलक्या हातानं तेल लावणं चालेल, दाबणं नाही. ओव्या-वावडिंगाची धुरी बंद, त्या धुरानं बाळाचा श्वास कोंडतो. वेखंडाची पूड नाकातोंडात गेली तर तीही घातकच.

आजीला द्यायचं सगळ्यात मोठं काम म्हणजे कांगारू पद्धत. बाळ फक्त लंगोट-टोपीवर, आजीच्या उघड्या छातीवर, वरून लुगडं किंवा शाल. एका वेळी तासभर तरी. हे काम आईच करू शकते असं नाही. आजी, आजोबा, कुणीही निरोगी नातेवाईक करू शकतो. कमी वजनाच्या बाळाला तर हे औषधासारखं आहे. बाळाचा चेहरा एका बाजूला, नाक मोकळं, आणि आजीला डुलकी लागली की लगेच बाळ उचला.

झोपवताना पाठीवर, सपाट गादीवर, वेगळ्या पाळण्यात. मोहरीची उशी, मऊ खेळणी, जाड गोधडी काही नको. मोठ्यांच्या पलंगावर मध्ये नाही.

आणि एक गोष्ट, जी नव्या मुली मला नेहमी विचारतात. बाळाचा लळा लागेल म्हणून लांब राहावं का? अजिबात नाही. बाळ रडलं की उचला, डोळ्यांत बघून बोला, आठ-बारा इंचांवरून त्याला चेहरा दिसतो. आज जवळ घेतलेलं बाळ उद्या आईकडे जास्त सहज जातं. अंतर ठेवायचं ते आपल्या बोलण्यात. "माझं सोनं" म्हणा, पण "मीच तुझी आई" हे गमतीतही नको. पलीकडे फोनवर बाळाची आई ते ऐकत असते.

रडणं सहाव्या आठवड्याच्या आसपास सगळ्यात जास्त असतं. सगळं करूनही बाळ गप्प होत नसेल आणि तुमचा संयम सुटतोय असं वाटलं, तर बाळाला पाळण्यात पाठीवर ठेवा, खोलीबाहेर या, आजीला हाक मारा. बाळाला हलवणं, झटकणं कधीच नाही. त्यानं मेंदूत रक्तस्राव होतो.

वही

जाड पुठ्ठ्याची एक वही घ्या. वेळ, दूध किती मिली, शी, शू, तापमान, वजन, औषध आणि शेरा असे रकाने आखा. पाजलं की लगेच लिहा. रात्रपाळीवाली आणि दिवसपाळीवाली एकच वही वापरतील. रोज संध्याकाळी त्या पानाचा फोटो आई-वडिलांना पाठवा. परदेशात बसलेल्या आईला "बाळ मस्त आहे" या निरोपानं झोप लागत नाही. "पहाटे ४:१०, ४५ मिली, ढेकर आली, शू झाली" हे वाचून लागते. डॉक्टरांनाही याच वहीतून सगळं कळतं.

व्हिडिओ कॉलची वेळ बाळाप्रमाणे ठरवा. पाजून, ढेकर काढून झाल्यावर बाळ थोडा वेळ जागं आणि शांत असतं, तीच वेळ. उन्हाळ्यात सांगलीचे संध्याकाळचे सात म्हणजे न्यू जर्सीचे सकाळचे साडेनऊ, हिवाळ्यात साडेआठ. लंडन आपल्या साडेचार-साडेपाच तास मागं, दुबई दीड तास. फोन बाळापुढे धरून गप्प बसू नका. लंगोट बदलताना, पुसताना आईला दाखवा, तिला प्रश्न विचारू द्या. आई-वडिलांना रोज काहीतरी वाचायला, गुणगुणायला सांगा. बारसं बाराव्या दिवशी करायचं असेल तर आई-वडील पडद्यावर असतानाच करा. नाव आधी पक्कं झालेलं असलं तर पुढचे कागद लवकर होतात.

बाळाचा फोटो तुमच्या स्टेटसला नाही, मैत्रिणीला नाही, गटावर नाही. सरोगेट आईचं नाव-गाव तुम्हाला कळलं असेल तर ते तुमच्यापाशीच राहिलं पाहिजे. जिन्यात शेजारीण विचारेलच, "कुणाचं गं हे?" उत्तर एकच: "या घरचं नातवंड आहे." तेवढं पुरतं आणि ते पूर्ण खरं आहे.

लस, तपासण्या, दाखला

जन्मतः बीसीजी, पोलिओचे थेंब आणि चोवीस तासांच्या आत हिपॅटायटिस बी. व्हिटॅमिन के चं इंजेक्शन दिल्याची नोंद डिस्चार्ज कार्डावर बघा. मग सहा, दहा आणि चौदा आठवड्यांच्या लसी. प्रत्येक लसीची तारीख कार्डावर असू द्या, परदेशात तोच पुरावा लागतो. थायरॉइडची टाच टोचून तपासणी आणि कानांची तपासणी झाली का विचारा. ३४ आठवड्यांआधी किंवा दोन किलोखाली जन्मलेल्या बाळाच्या डोळ्यांचा पडदा चार आठवड्यांच्या आत तपासावाच लागतो. ही तारीख चुकली आणि बाळाची दृष्टी गेली तर ती परत आणता येत नाही. आशाताई बाळाच्या भेटीला येते, तिला आत येऊ द्या, वही दाखवा.

जन्माची नोंद २१ दिवसांत. दवाखाना ती महापालिकेकडे पाठवतो, पण आई-वडिलांची नावं न्यायालयाच्या आदेशाप्रमाणे, पासपोर्टवरच्या स्पेलिंगनुसार गेली का हे घरच्यांनी बघावं. एका अक्षराच्या फरकानं पुढे महिना जातो. सांगली जिल्हा पुण्याच्या पासपोर्ट कार्यालयाखाली येतो. त्या कामात तुमचा हातभार फोटोपुरता: पांढऱ्या चादरीवर बाळ पाठीवर, डोळे उघडे, तुमचा हात चौकटीत नाही. पोट भरल्यावर काढला तर एकदोनदा प्रयत्न करून जमतो.

लगेच दवाखाना

दूध ओढत नाही किंवा अचानक खूप कमी घेतलं. श्वास मिनिटाला ६० किंवा जास्त. छाती आत ओढली जाते. ताप ३७.५ अंश किंवा वर, अथवा अंग ३५.५ च्या खाली गार. झटके. हात लावून जागवल्याशिवाय हालचाल नाही. पहिल्या चोवीस तासांत कावीळ, किंवा नंतर तळहात-तळपाय पिवळे. ओठ निळे. हिरवी उलटी. यातलं एकही दिसलं तर आई-वडिलांना फोन लागेपर्यंत थांबायचं नाही. १०८ लावा, वाटेतून फोन करा. नवजात अतिदक्षता विभाग असलेला जवळचा दवाखाना पहिल्याच दिवशी बघून ठेवलेला असावा. कावीळ झालेल्या बाळाला कोवळ्या उन्हात धरणं हा उपचार नाही.

सोपवताना

आई-वडील आल्यावर लगेच निघून जाऊ नका, आणि सगळं स्वतःच करतही राहू नका. तीन-चार दिवस एकत्र काढा. पहिल्या दिवशी ते बघतील, दुसऱ्या दिवशी ते करतील आणि तुम्ही बघाल, मग एक पूर्ण रात्र त्यांच्यावर सोपवा आणि शेजारच्या खोलीत झोपा. दूध तीनदा तरी त्यांच्या हातून करून घ्या. वडिलांनाही कांगारू शिकवा. आईला पहिल्या दिवशी बाळ रडून तुमच्याकडे वळलं तर ती मनातून खचते. तेव्हा बाळ घेऊ नका. तिच्या शेजारी बसा आणि हात कुठं धरायचा ते सांगा.

प्रवासासाठी डॉक्टरांचं प्रमाणपत्र घ्या आणि विमान कंपनीचा नियम आधी विचारा. पावडरचा ब्रँड प्रवासाच्या आठवड्यात बदलू नका, तिथं पोचल्यावर पंधरा दिवस पुरेल एवढी सोबत द्या. विमान चढताना आणि उतरताना बाळाला पाजायला सांगा, कान दुखत नाहीत. मोजलेली पावडर छोट्या डब्यांत, गरम पाणी थर्मासमध्ये, दोन जास्तीचे कपडे हातातल्या पिशवीत.

जाण्याच्या आदल्या दिवशी वही, लसीचं कार्ड, डिस्चार्ज कार्ड आणि सगळ्या तपासण्यांचे अहवाल मूळ स्वरूपात त्यांच्या हातात द्या आणि मिळाल्याची सही घ्या. फोनमधले बाळाचे फोटो त्यांच्यासमोर काढून टाका, त्यांनी स्वतः ठेवायला सांगितला असेल तेवढा एक सोडून. पोचल्यावर त्यांचे फोन येतील. उचला, सवयी सांगा, धीर द्या. औषध मात्र सांगू नका, वही घेऊन तिथल्या डॉक्टरांकडे जायला सांगा.